फिरत्या बिऱ्हाडाचा दिवा आणि पंखा : बारा व्होल्टच्या विजेचे गणित

दसरा-दिवाळी मागे पडली, की कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. वारणानगर, बिद्री, परिते, कुडित्रे, शिरोळ, हमिदवाडा अशी कारखान्यांची गावे रात्रंदिवस जागी होतात. त्याच सुमारास जिल्ह्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या दिसू लागतात. ट्रॉलीत माणसे, मुले, शेळ्या, भांडीकुंडी, बांबू, ताडपत्री आणि गोधड्यांची गाठोडी असतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून, तसेच जतच्या व विजापूरच्या बाजूने आलेली ही ऊसतोड मजुरांची कुटुंबे होत. पुढील पाच-सहा महिने त्यांचा संसार उसाच्या फडालगत किंवा कारखान्याच्या तळावर उभारलेल्या कोपीत होतो. एका फडाचे काम संपले, की कोपी मोडावयाची, ट्रॉलीत भरावयाची व पुढच्या गावी पुन्हा उभारावयाची, असा हा क्रम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो.

या फिरत्या बिऱ्हाडाला वीजजोडणी नसते. जे घर आज या शिवारात व पंधरा दिवसांनी दुसऱ्याच शिवारात असते, त्याला मीटर कोठे बसवावयाचा, हा प्रश्नच असतो. परिणामी चिमणी, मोबाइलची विजेरी किंवा शेतीपंपाच्या तारेवर टाकलेला आकडा, एवढेच पर्याय उरतात. चिमणीच्या ज्योतीला वाळलेल्या पाचटाचे छप्पर जवळ असते. आकड्याची उघडी तार ओल्या उसातून गेलेली असते. या दोन्ही मार्गांत जीवाशी गाठ आहे. पहाटे चारला उठून फडावर जाणारी बाई, अंधारात पाण्याची घागर शोधणारी मुलगी आणि मागे राहून धाकट्या भावंडाला सांभाळणारा शाळकरी मुलगा यांच्यासाठी कोपीतला एक सुरक्षित दिवा ही चैन नव्हे. हा दिवा, आणि उन्हाळा लागल्यावर एक लहान पंखा, बारा व्होल्टच्या विजेवर कसा चालविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आगगाडीचा डबा, कारवाँ आणि कोपी

चालत्या घरात दिवे व पंखे लावण्याचा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे तो प्रथम रेल्वेने सोडविला. डब्याच्या चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेले जनित्र गाडी धावताना वीज निर्माण करी. ती वीज डब्याखालच्या बॅटऱ्यांत साठे व गाडी थांबली, की त्या बॅटऱ्यांवर दिवे व पंखे चालत. प्रारंभी ही रचना २४ व्होल्टची होती. पुढे ती ११० व्होल्टवर नेण्यात आली. दाब वाढविण्यामागील कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असल्याने त्याकडे आपण पुढे वळणार आहोत. गाडी एखाद्या स्थानकावर फार वेळ खोळंबली, की डब्यातील दिवे पिवळसर होत जात, हा अनुभव जुन्या प्रवाशांच्या परिचयाचा आहे. साठविलेली वीज मोजकी असते, हा धडा तेथेच मिळतो.

पाश्चात्त्य देशांत मोटारीमागे ओढावयाच्या फिरत्या घरांची प्रथा आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेतील मोटारी ६ व्होल्टकडून १२ व्होल्टकडे वळल्या आणि या फिरत्या घरांनीही तोच दाब स्वीकारला. त्या काळातील जुनी फिरती घरे जतन करणारी मंडळी आज त्यांतील तारेचे दिवे काढून एलईडी बसवितात, जुन्या बॅटऱ्या बदलतात व छतावर सौर पॅनेल लावतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पन्हाळा किंवा दाजीपूरच्या परिसरात हौसेने मुक्काम करणारा पर्यटक आणि फडालगत पोटासाठी मुक्काम करणारा मजूर यांच्या परिस्थितीत महदंतर आहे. परंतु दोघांच्या बिऱ्हाडाचे विजेचे गणित मात्र एकच आहे, आणि ते सोडविण्याची साधनेही एकच आहेत.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे इष्ट होय. वीज वितरणाच्या व्यवहारात ‘लघुदाब’ म्हणजे घरगुती २३० व्होल्टचा पुरवठा. या लेखात अभिप्रेत असलेला १२ व्होल्टचा दाब त्याहून कितीतरी खालचा आहे. त्याला अतिलघुदाब म्हणता येईल. शिवाय घरातील वीज प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलणारी असते. बॅटरीची वीज एकदिश असते. त्यामुळे घरातील पंखा किंवा दिवा बॅटरीला थेट जोडून चालत नाही. त्यासाठी १२ व्होल्टचीच उपकरणे घ्यावी लागतात.

आधी गरज मोजावी

अशा योजनांत पुष्कळदा आधी पॅनेल विकत घेतले जाते व मग त्यावर काय काय चालेल, याचा शोध सुरू होतो. ही उलटी वाट आहे. प्रथम गरज मोजावी. वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास, हे सातवीतील विद्यार्थ्यालाही समजणारे गणित आहे. एका कोपीची एका दिवसाची गरज अशी मांडता येईल :

आतील एलईडी दिवा, ३ वॅट, ५ तास : १५ वॅट-तास.
चुलीजवळचा व दारातील दिवा, ३ वॅट, ३ तास : ९ वॅट-तास.
दोन मोबाइलची चार्जिंग : १५ वॅट-तास.
बारा व्होल्टचा लहान पंखा, १२ वॅट, ८ तास : ९६ वॅट-तास.

पंख्याविना ही बेरीज ३९ व पंख्यासह १३५ वॅट-तास होते. यावरून एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. दिव्यांना फारशी वीज लागतच नाही. खर्च पंख्याचा आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या थंडीच्या महिन्यांत पंख्याची गरज नसते. फेब्रुवारीनंतर उकाडा व डास वाढतात, तेव्हा तान्ह्या मुलासाठी पंखा हवासा होतो. म्हणून योजना दोन टप्प्यांत करावी : प्रत्येक कोपीला दिवा अनिवार्य, पंखा ऐपतीप्रमाणे.

दिव्याचा खर्च इतका कमी झाला, तो एलईडीमुळे. मोटारीच्या मागील दिव्यात वापरला जाणारा २१ वॅटचा तारेचा बल्ब पाच तास लावला, तर १०५ वॅट-तास वीज खाईल. जवळजवळ तेवढाच उपयुक्त उजेड देणारा ३ ते ५ वॅटचा एलईडी त्याच्या चौथ्या भागाहून कमी विजेत भागवितो. निळ्या प्रकाशाच्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी शक्य झाला आणि या शोधाला २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या संशोधनाचा लाभ उसाच्या फडापर्यंत पोहोचला, तरच तो पूर्णत्वास गेला असे म्हणता येईल.

दिवा निवडताना त्यावरील दाबाची मर्यादा वाचावी. ‘बारा व्होल्ट’ची बॅटरी प्रत्यक्षात कधीच बरोबर बारा व्होल्टवर नसते. चार्ज होताना ती १४.४ व्होल्टपर्यंत चढते व उतरताना ११ व्होल्टच्या आसपास येते. म्हणून १० ते १५ व्होल्ट सहन करणारा दिवा घ्यावा. अन्यथा तो भर दुपारी चार्जिंगच्या वेळी जळेल.

इन्व्हर्टरचा मोह टाळावा

‘एक इन्व्हर्टर घ्यावा व घरचेच बल्ब-पंखे लावावेत’, असा सल्ला बाजारात सहज मिळतो. तो येथे गैरलागू आहे. इन्व्हर्टर सुरू ठेवला, की त्यावर एकही दिवा लागलेला नसला तरी तो स्वतःसाठी काही वीज घेतच राहतो. हा खर्च ६ वॅट धरला व रात्रीचे १२ तास तो सुरू राहिला, तर ७२ वॅट-तास व्यर्थ गेले. कोपीतील दोन दिवे व दोन मोबाइल यांची एकूण गरज ३९ वॅट-तास आहे, हे आपण पाहिले. म्हणजे घोड्यापेक्षा नालच महाग! शिवाय इन्व्हर्टर आला, की २३० व्होल्टचा झटका पुन्हा कोपीत आला. लहान भारासाठी बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकदिश वीजच ठेवावी, हा नियम होय.

साठवण : बॅटरी

शिसे-आम्ल बॅटरीचा मूळ शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लांते याने १८५९ मध्ये लावला. आजही तीच बॅटरी गावोगावी मिळते, दुरुस्त होते व जुनी झाल्यावर मोडीत किंमतही देते. परंतु तिच्यातही दोन प्रकार आहेत. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी बनविलेली असते. काही क्षण प्रचंड प्रवाह देणे व लगेच पुन्हा भरून घेणे, हे तिचे काम. तिच्या पट्ट्या पातळ असतात. रात्रभर हळूहळू वीज देण्याचे काम तिला सोसत नाही. ते काम सौर दिव्यांसाठी बनविलेल्या, जाड पट्ट्यांच्या बॅटरीचे.

यामुळे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्रभर पंखा चालविण्याची सवय दुहेरी घातक ठरते. पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही, फडावरचा ऊस खोळंबतो व मुकादमाचे बोलणे खावे लागते. आणि वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी एकाच हंगामात निकामी होते. ट्रॅक्टर धावत असताना त्याच्या जनित्रातून दुसरी, स्वतंत्र बॅटरी भरून घेता येते. मात्र त्यासाठी दोन्ही बॅटऱ्यांमध्ये रिले किंवा डायोड बसवून घ्यावा लागतो, जेणेकरून इंजिन बंद झाल्यावर रात्रीचा भार ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पडू नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तालुक्याच्या गावी असे काम करणारा ऑटो-इलेक्ट्रिशियन सहज भेटतो.

शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये. एका रात्रीसाठी १३५ वॅट-तास हवे असतील, तर १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाची बॅटरी घ्यावी. तिच्यात ४८० वॅट-तास मावतात व निम्मे, म्हणजे २४० वापरता येतात. एखादा दिवस ढगाळ गेला, तरी दिवे चालू राहतात. बॅटरीची स्थिती साध्या मीटरने ओळखता येते. भार व चार्जिंग बंद करून काही वेळाने मोजले असता १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी व ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. हा तक्ता पेटीच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवावा.

अलीकडे लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी उपलब्ध झाली आहे. तिच्यातील ८० टक्के वीज निर्धास्त वापरता येते. त्यामुळे २० अँपिअर-तासाची बॅटरी एवढ्या कामाला पुरते. तिचे वजन शिशाच्या बॅटरीच्या चौथ्या भागाइतके भरते, पाणी घालावे लागत नाही व आम्ल सांडत नाही. ज्या बिऱ्हाडाला महिन्यात दोनदा हलावे लागते, त्याच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे. किंमत आरंभी अधिक पडते. तथापि अनेक हंगाम टिकण्याचा हिशेब धरला, तर ती परवडते. मात्र तिच्यासाठी त्याच जातीचा चार्ज कंट्रोलर हवा. शिशाच्या बॅटरीचा चालत नाही.

सूर्यप्रकाशाचे उत्पन्न

१३५ वॅट-तास वापरावयाचे, तर पॅनेलने त्याहून अधिक द्यावयास हवे. तार, धूळ, उष्णता व बॅटरी यांत मिळून सुमारे चौथा हिस्सा गळतो. म्हणजे १८० वॅट-तास हवेत. कोल्हापूर भागात गळीत हंगामाच्या कोरड्या महिन्यांत पूर्ण तेजाचे सुमारे ५ तास धरावयास हरकत नाही. १८० भागिले ५ म्हणजे ३६ वॅट. म्हणून पंख्यासह कोपीला ५० वॅटचे पॅनेल पुरे. केवळ दिवे व मोबाइल असतील, तर गणिताने १०-११ वॅट येतात. २० वॅटचे घ्यावे.

कोल्हापूरचे अक्षांश १६.७ उत्तर आहेत. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. २१ मार्चला तो ७३ अंशांवर येतो. त्यामुळे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी सुमारे २५ अंशांचा उतार देऊन ठेवले, तर सगळ्या हंगामाला ते सोयीचे पडते. पॅनेल उभ्या उसाच्या किंवा झाडाच्या सावलीत नसावे. त्यातील सर्व घट एका माळेत जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर सावली पडली, तरी अर्धवट बंद झालेल्या पाटाप्रमाणे सगळाच प्रवाह अडतो. पाचट जाळल्याची काजळी व रस्त्याची धूळ दररोज सकाळी ओल्या फडक्याने पुसावी. तापलेल्या पॅनेलवर दुपारी थंड पाणी ओतू नये.

पॅनेल व बॅटरी यांमध्ये चार्ज कंट्रोलर अवश्य असावा. ‘बारा व्होल्ट’चे पॅनेल भार नसताना २१-२२ व्होल्टपर्यंत चढते. ते थेट जोडले, तर बॅटरी उकळते. कंट्रोलर भरलेल्या बॅटरीचे चार्जिंग रोखतो आणि फार उतरलेल्या बॅटरीवरील दिवेही बंद करतो. जोडणीचा क्रम पाळावा : प्रथम बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. सोडविताना क्रम उलटा.

दाब कमी, म्हणून तार जाड

आता रेल्वेने २४ व्होल्ट सोडून ११० व्होल्ट का स्वीकारले, त्याचे उत्तर पाहू. ६० वॅटचा भार २३० व्होल्टवर सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो. तोच भार १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. तारेतील दाबाची घट प्रवाहाच्या प्रमाणात असते. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दहा मीटरपर्यंत नेली, तर जाण्यायेण्याचा मार्ग वीस मीटर होतो व त्याचा रोध सुमारे ०.३६ ओहम भरतो. पाच अँपिअरला त्यात १.८ व्होल्ट गळतात. २३० मधून १.८ गेले, तर कोणाला कळणारही नाही. १२ मधून १.८ गेले, तर पंधरा टक्के गेले. पंखा रेंगाळतो, दिवा मंदावतो, आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

म्हणून बॅटरी कोपीच्या जवळात जवळ ठेवावी व तार दीड चौरस मिलिमीटरहून बारीक नसावी. दोन दिवे, पंखा व मोबाइल मिळून सुमारे २८ वॅट, म्हणजे २.३ अँपिअर प्रवाह होतो. चार मीटर अंतराला दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत केवळ ०.२२ व्होल्ट, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी घट येते. हे प्रमाण योग्य होय. घरगुती स्पीकरची केसासारखी तार वापरून पैसे वाचविणारा रोज रात्री वीज गमावतो.

झटका नाही, पण आग आहे

बारा व्होल्टला हात लावला, तर कोरड्या हाताला काहीही जाणवत नाही. यावरून ही वीज संपूर्ण निरुपद्रवी आहे, असा समज रूढ झाला आहे. तो अर्धसत्य आहे व म्हणूनच अधिक धोकादायक आहे. बॅटरीची दोन टोके तारेने किंवा पान्याने थेट जोडली गेली, तर काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. तार लाल होते, तिचे वेष्टन वितळते व ठिणग्या उडतात. सिमेंटच्या भिंतीवर एवढ्याने फार नुकसान होणार नाही. पाचटाच्या छपराखाली मात्र तेवढी ठिणगी पुरेशी आहे. चिमणी विझवून आपण दुसऱ्या वाटेने आग आत आणता कामा नये.

यावरचा उपाय स्वस्त आहे. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. फ्यूज दिव्याजवळ बसविण्यात अर्थ नाही. कारण तार मध्येच घासली गेली, तर तो तिला वाचवू शकत नाही. फ्यूज जळाल्यास त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी कदापि बसवू नये; आधी दोष शोधावा. तार पाचटातून न ओवता बांबूला बांधून न्यावी. सर्वत्र लाल तार धन व काळी तार ऋण, हा संकेत पाळावा. दिव्याला किमान वीतभर मोकळी जागा ठेवावी.

शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते व तो स्फोटक असतो. म्हणून ती चुलीपासून दूर, वारा खेळत्या जागी, फळीवर व मुलांच्या हाती न लागेल अशी ठेवावी. तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नव्हे. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

बिऱ्हाड हलते, हे ध्यानात घेऊन बॅटरी, कंट्रोलर, फ्यूज व जोडणीची ठिकाणे एकाच मजबूत पेटीत बसवावीत. पेटीला कडी असावी. हलविताना पॅनेल व पेटीची जोडणी तेवढी सोडवावी, पॅनेल गोधडीत गुंडाळून ट्रॉलीत उभे ठेवावे. पुढच्या तळावर पाच मिनिटांत दिवा लागला, तरच ही व्यवस्था वापरात राहील.

तळावरील सामाईक योजना

जेथे वीस-पंचवीस कोप्या एके ठिकाणी हंगामभर राहतात, तेथे सामाईक पॅनेल व बॅटरीचा विचार सुचतो. येथे मात्र १२ व्होल्ट अपुरे पडतात. वीस कोप्यांचे प्रत्येकी ६ वॅट म्हणजे १२० वॅट, अर्थात १० अँपिअर. हा सर्व भार साठ मीटर दूर आहे असे धरले, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेतही ८.६ व्होल्ट गळतील, म्हणजे टोकाच्या कोपीपर्यंत काहीच पोहोचणार नाही. हाच भार ४८ व्होल्टवर नेला, तर प्रवाह अडीच अँपिअर होतो व घट सुमारे २.२ व्होल्ट, म्हणजे साडेचार टक्के राहते. चेन्नईच्या आय.आय.टी.ने याच कारणास्तव घरांसाठी ४८ व्होल्टच्या एकदिश विजेची पद्धती विकसित केली. अशा तळावर एकतर ४८ व्होल्टचे वितरण करावे किंवा एका ठिकाणी चार्जिंगची सोय करून प्रत्येक कुटुंबास उचलून नेता येईल असा दिवा द्यावा. दुसरा मार्ग सोपा आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने २०१४ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात ग्रामीण भागातीलच लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून सौर अभ्यासदिव्यांची जोडणी, विक्री व दुरुस्ती करविण्यात आली. दिवा वाटणे सोपे असते. तो बिघडल्यावर दुरुस्त करणारा जवळ असणे महत्त्वाचे असते, हा त्या उपक्रमाचा बोध आहे.

शाळा व ग्रामपंचायत यांचे काम

ऊसतोड मजुरांच्या पाल्यांना वयानुरूप वर्गात प्रवेश मिळणे हा २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने दिलेला हक्क आहे. पटावर नाव आले, तरी संध्याकाळी पुस्तक उघडण्यास उजेड नसेल, तर तो हक्क अर्धाच राहतो. मुख्याध्यापकांनी हंगामाच्या प्रारंभी तळावर फेरी मारताना मुलांची संख्या घ्यावी, तशीच कोणत्या कोपीत दिवा आहे, याचीही नोंद करावी.

विज्ञानाच्या तासाला हा विषय प्रत्यक्ष प्रयोगाने शिकविता येतो. लांब व आखूड, बारीक व जाड तारेच्या टोकांवरील व्होल्ट मीटरने मोजून मुलांनी तक्ता करावा. चंदेरी वेष्टनकागदाची मध्ये अरुंद कापलेली पट्टी शिक्षकाने चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून दीड व्होल्टच्या सेलच्या दोन टोकांना लावली, की तिचा अरुंद भाग तापून जळतो. फ्यूजचे तत्त्व आणि ‘कमी दाबानेही आग लागते’ हे सत्य, दोन्ही एकाच प्रयोगात मुलांच्या मनावर ठसतात. तळावरची मुले हेच ज्ञान संध्याकाळी कोपीत घेऊन जातात.

ग्रामपंचायतीपुढील अडचण वेगळी आहे. ही कुटुंबे पाच-सहा महिने गावच्या हद्दीत राहतात; परंतु त्यांची नावे गावच्या कोणत्याही यादीत नसतात. ती येथील मतदार नसतात, घरपट्टी भरत नाहीत, ग्रामसभेत बसत नाहीत. त्यामुळे त्यांची गरज विकास आराखड्यात येत नाही. तथापि त्यांच्या घामावर गावचा ऊस वेळेवर कारखान्यात जातो, हे विसरून चालणार नाही. कारखाना, ग्रामपंचायत व ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ यांनी मिळून पुढील गोष्टी केल्यास खर्चाच्या मानाने फळ मोठे आहे. हंगामापूर्वी तळाची जागा ठरवून तेथे चार्जिंगची एक सौर पेटी उभारावी. गावातील एका युवकास किंवा बचतगटातील महिलेस पेटी, फ्यूज व कंट्रोलर यांची दुरुस्ती शिकवावी. आकडे काढण्याची मोहीम हाती घेण्यापूर्वी पर्यायी दिवा हाती द्यावा. निकामी बॅटऱ्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे विक्रेत्याकडे परत जातील, हे पाहावे. शिशाची बॅटरी ओढ्यात किंवा उकिरड्यावर फुटता कामा नये.

बारा व्होल्ट, वीस वॅटचे पॅनेल, पाच अँपिअरचा फ्यूज ही या योजनेची लहान लहान परिमाणे आहेत. धरण किंवा वीजकेंद्र यांच्या आकड्यांशेजारी ती नगण्य वाटतील. परंतु विकासाचे माप शेवटच्या घरापर्यंत काय पोहोचले, यावरूनच घ्यावयाचे असते. आणि आपल्या जिल्ह्यात शेवटचे घर हे पुष्कळदा पाचटाचे व फिरते असते. येत्या हंगामात पहिली ट्रॉली गावच्या वेशीत शिरेल, तेव्हा सरपंच, ग्रामसेवक व मुख्याध्यापक यांनी एकदा अंधार पडल्यावर तळावर जावे आणि किती कोप्यांत सुरक्षित उजेड आहे, ते मोजावे. मोजणीपासूनच कामाला आरंभ होतो.